गुरुवारचा खेळ

परवा मंडईत गेले होते. गाडी लावली आणि नवऱ्याला फोनवर सांगत होते की मिनर्व्हाला लावलीये गाडी, तिथेच ये, तर लेक शेजारी उभी राहून ऐकत होती. ती सातवीत आहे. फोन ठेवल्यावर म्हणाली, आई मिनर्व्हा कोण?

म्हटलं अगं कोण नाही, थेटर होतं इथे, मिनर्व्हा टॉकीज. आणि पलीकडे ते दुसरं पार्किंग आहे ना, त्याला आपण आर्यन म्हणतो, तिथे आर्यन टॉकीज होतं. तिने त्या पार्किंगकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, म्हणजे लोक इथे पिक्चर बघायचे? इथे? भाजीच्या पिशव्या हातात घेऊन मी तिला सांगायला लागले आणि सांगता सांगता लक्षात आलं की मला खूप सांगायचंय, म्हणून हे लिहायला बसले.

आर्यन मी स्वतः बघितलेलं नाही, म्हणजे बघितलं असेल तर आठवत नाही, १९८३ ला ते बंद झालं तेव्हा मी पहिलीत होते. आई सांगते त्यावरून माहिती. गंगाधरपंत पाठकांनी १९१५ साली सुरू केलेलं, पुण्यातलं पहिलं कायमचं सिनेमा थेटर ते. फाळक्यांचा पहिला चित्रपट मुंबईत लागला १९१३ ला, म्हणजे जेमतेम दोन वर्षांत पुण्याच्या मंडईत, वांगी-बटाट्याच्या शेजारी, सिनेमा येऊन बसला होता. मला हे फार भारी वाटतं. थेटर काही गावाबाहेर मोठ्या रस्त्यावर नव्हतं, बाजाराला आलेला माणूस पिशवी घेऊन आत जाऊन बसेल अशा जागी होतं.

आणि पुण्यात आपण पत्ते अजून थेटरांवरूनच सांगतो की. टिळक चौक कोणी म्हणत नाही, अलका चौक म्हणतात. लक्ष्मी रोडवर विजय टॉकीजचा चौक. पर्वतीकडे जाताना नीलायमचा पूल. विसर्जनाच्या दिवशी तर सगळं शहर एकमेकांना फोनवर हेच विचारत असतं, कुठला गणपती कुठे आलाय, विजयला आलाय का, अलकाला पोचला का.

तर आमचं घर नारायण पेठेत. वाड्यात दोन खोल्या, आई, अण्णा, दादा आणि मी. विजय पाच मिनिटांवर, अलका सात-आठ, अप्पा बळवंत चौकाजवळचं प्रभात दहा-बारा, तेही आईच्या चालीने, रस्त्यात कोणी भेटलं नाही तर. अण्णा भोसरीला एका कंपनीत टर्नर होते. आता ज्यांच्या घरी कोणी पिंपरी-चिंचवडला नोकरीला होतं त्यांना सांगायला नको, तिकडची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. विजेचा भार सगळा एकाच दिवशी येऊ नये म्हणून वेगवेगळ्या औद्योगिक भागांना वेगवेगळे वार दिलेले असायचे, आमच्या वाट्याला गुरुवार आला. सगळ्या जगाचा रविवार आणि आमचा गुरुवार. रविवारी आम्हाला सुट्टी तर अण्णा कामावर, गुरुवारी अण्णा घरी तर आम्ही शाळेत. म्हणजे आम्ही चौघं एकत्र असं फक्त गुरुवारी संध्याकाळी. आणि त्या संध्याकाळी आम्ही पिक्चरला जायचो. दर गुरुवारी नाही, पण महिन्यातून दोनदा तरी नक्की, आणि पगाराच्या आठवड्यात तर ठरलेलंच.

आता यातली गंमत अशी की पिक्चर लागतो शुक्रवारी. म्हणजे गुरुवार हा आठवड्याचा शेवटचा दिवस. शाळेतल्या मुलींनी पहिल्या रविवारी बघितलेला पिक्चर आम्ही बघायचो तो जायच्या आदल्या रात्री. पुष्कळदा तर आमचाच खेळ त्या थेटरातला त्याचा शेवटचा किंवा शेवटून दुसरा असायचा. मला लहानपणी याचं वाईट वाटायचं, गोष्ट सगळी आधीच कळलेली असायची, कोण मरतं, खरा भाऊ कोण निघतो, सगळं. पण अण्णा म्हणायचे की गर्दी ओसरल्यावर बघितलेला पिक्चर जास्त दिसतो. आणि खरंच होतं ते. ब्लॅकवाले नाहीत, रांग नाही, हाऊसफुल्लचा बोर्ड आत कुठेतरी भिंतीला टेकवून ठेवलेला. अण्णा सव्वापाचला पुढे जायचे, आम्ही शाळेतून येऊन तोंड धुऊन आईबरोबर मागून. सहाचा खेळ. तिकीट खिडकीच्या आत त्या माणसासमोर सीटांचा छापील कागद असायचा, त्याच्यावर तो लाल नाहीतर निळ्या पेन्सिलने फुल्या मारायचा आणि तिकिटावर नंबर लिहून द्यायचा. गुरुवारी त्या कागदावर भरपूर मोकळी घरं. अण्णांची जागा ठरलेली, स्टॉल, मागून तिसरी रांग, कडेच्या चार. बाल्कनी आम्ही क्वचित घेतली, चार तिकिटांमागे दहा-बारा रुपयांचा फरक पडायचा आणि तेवढ्यात मध्यंतरातले बटाटेवडे यायचे.

तिकीट म्हणजे पातळ रंगीत कागदाचा चिटोरा. स्टॉलला एक रंग, बाल्कनीला दुसरा. डोअरकीपर अर्धं फाडून घ्यायचा, उरलेलं अर्धं आई रुमालाच्या गाठीत बांधून ठेवायची आणि शो संपेपर्यंत सोडायची नाही. का ते मी कधी विचारलं नाही.

पिक्चर सुरू व्हायच्या आधी सेन्सॉरचं सर्टिफिकेट दाखवायचे (अजूनही दाखवतात) आणि ते आलं की सगळ्या थेटरात एक कुजबुज व्हायची, किती रिळं, किती रिळं. सोळा रिळं म्हटलं की मागून कोणीतरी खूश होऊन शिट्टी मारायचं, बारा म्हटलं की लोक हळहळायचे. पैसे तेवढेच दिलेत ना. पण आमच्या घरात रिळं मोजत नव्हते, आमच्या घरात मीटर. सर्टिफिकेटवर लांबी मीटरमध्ये लिहिलेली असायची आणि ते जेमतेम काही सेकंद पडद्यावर असायचं, तेवढ्यात तो आकडा टिपायचं काम दादाचं आणि त्याला सत्तावीसने भागायचं काम माझं. अण्णा अंधारात वाकून कानात म्हणायचे, चार हजार तीनशे, भाग सत्तावीसने. मी बोटं मोडत मोडत सांगायचे, एकशे एकोणसाठ. की अण्णा घड्याळ बघून आईला सांगणार, पावणेतीन तास पकड, मध्यंतर धरून तीन, नऊला बाहेर. आणि आम्ही नऊला बाहेर पडायचो! अगदी दोन-चार मिनिटांचा फरक. माझ्या मैत्रिणींना ही जादू वाटायची. मला भागाकार कधी जड गेला नाही त्याचं सगळं श्रेय त्या सत्तावीसला.

सत्तावीस कुठून आला तर आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर एक काका राहायचे, ते एका थेटरात ऑपरेटर होते. म्हणजे प्रोजेक्टर चालवायचे. अण्णा मशीनवरचे, काकाही मशीनवरचे, दोघांचं फार जमायचं, संध्याकाळी जिन्यात बसून दोघं गिअरबिअरच्या गप्पा मारायचे ज्या आम्हाला काही कळायच्या नाहीत. काकांनीच सांगितलं होतं की फिल्म एका मिनिटाला नव्वद फूट पळते. एका सेकंदाला चोवीस चित्रं, मिनिटाला नव्वद फूट, म्हणजे साधारण सत्तावीस मीटर. अण्णांना असा आकडा मिळाला की ते तो सोडायचे नाहीत.

चौथीच्या मे महिन्यात काकांनी मला आणि दादाला केबिनमध्ये नेलं. हे मी आजपर्यंत नीट कुठे लिहिलं नव्हतं. मागच्या बाजूने एक लोखंडी अरुंद जिना होता, वर गेल्यावर जड दार, आणि दार उघडल्या उघडल्या आधी आला तो आवाज. आपण खाली बसून जे गाणं ऐकतो ते तिथे कुठेतरी लांबून बारीक येत होतं, खरा आवाज मशीनचा, तो सतत कडकडकडकड असा, शिवणाच्या मशीनचा असतो तसा पण दहापट. आणि गरम. मे महिना, वर पत्रा, त्यात दोन प्रोजेक्टर. काका बनियनवर, खांद्याला पंचा. प्रोजेक्टरच्या मागच्या पेटीत कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर धरलेल्या असायच्या, पेन्सिलीसारख्या, एकीला वरून तांब्याचा मुलामा, त्या जवळ आणल्या की त्यांच्यामध्ये ज्योत उठते, वेल्डिंगची असते तशी, तिच्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघायचं नाही. पेटीला एक काळी काच होती, तिच्यातून काकांनी आम्हाला दाखवलं. एवढंसं, बोराएवढं पांढरं. म्हणाले, हे बघ, हाच तुमचा सगळा पिक्चर.

त्या कांड्या जळत जळत आखूड होतात, मधलं अंतर वाढतं, आणि अंतर वाढलं की पडदा पिवळा पडायला लागतो. म्हणून दर थोड्या वेळाने काका एक छोटी मूठ फिरवून त्यांना परत जवळ आणायचे. बोलत बोलत, चहा पीत पीत, पण हात बरोबर वेळेला मुठीवर जायचा. मधेच पडदा काळवंडला की खालून लोक "ए ऑपरेटर" म्हणून ओरडतात ते याच्यासाठी. त्यांना वाटतं वरचा माणूस झोपला.

आणि दुसरं म्हणजे ठिपका. सोळा रिळांचा पिक्चर असला की दोन-दोन जोडून आठ मोठी चक्रं करायची, एक चक्र वीस मिनिटांच्या आसपास. पहिल्या मशीनवरचं संपत आलं की दुसऱ्या मशीनवर पुढचं तयार ठेवायचं, आणि पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो, क्षणभर, तो दिसला की दुसरी मोटर चालू करायची. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, तो दिसला की इकडची झडप बंद, तिकडची उघडी. खाली हजार माणसं बसलेली असतात आणि एकालाही कळत नाही की मशीन बदललं. काकांनी दादाला सांगितलं की ठिपका दिसला की ओरड, दादा डोळे फाडून काचेला नाक लावून उभा, आणि तरी त्याचा पहिला ठिपका हुकला. काकांचा नाही हुकला. ते तर आमच्याशी बोलत होते, चहाचा कप हातात होता, मला अजून कळत नाही त्यांना कसा दिसला.

त्या दिवसापासून मला प्रत्येक पिक्चरमध्ये ते ठिपके दिसायला लागले. नायिका रडतेय, आई शेजारी डोळ्याला पदर लावून बसलीये, आणि मी कोपऱ्यात बघत बसलेय. एक ठिपका, मनात आकडे, एक दोन तीन चार पाच सहा सात, दुसरा ठिपका. हा, बदललं. आता काका तिकडच्या मशीनपाशी गेले असतील. पिक्चर दाखवणारा एक माणूस माझ्या डोक्याच्या मागे वर कुठेतरी उभा आहे, पंचा खांद्याला टाकून, हे ज्ञान मला फार आधार द्यायचं. म्हणजे कसं सांगू, घरी आपण झोपलेलो असताना स्वयंपाकघरात आई जागी असते ते जसं.

निघताना काकांनी फिल्मचा एक तुकडा दिला. फिल्म तुटली की तुटलेल्या कडा कापून, ब्लेडने खरवडून, सोल्युशन लावून जोडायची, त्यात असे तुकडे उरायचे. माझ्या तुकड्यात सहा चित्रं आहेत. एक बाई दारात उभी, सहाही चित्रांत तीच, नीट बघितलं तर तिचा हात हळूहळू कडीकडे जातोय. सहा चित्रं म्हणजे पाव सेकंद. तो तुकडा अजून माझ्याकडे आहे, रंग उडून सगळा तांबूस झालाय पण बाई दिसते.

बरं सगळंच काही गोड नव्हतं हेही सांगते. एका थेटरात (नाव घेत नाही) पंखे फक्त कडेला, बाथरूमचा वास मध्यंतरात पार आत यायचा आणि आई घरून निघतानाच आम्हाला जाऊन या म्हणायची. एकदा तर मध्यंतर पाऊण तास चाललं. का तर प्रिंट एक आणि थेटरं दोन. असं व्हायचं तेव्हा, एकाच प्रिंटवर दोन थेटरं चालवायची, वेळा अर्ध्या-पाऊण तासाने मागेपुढे ठेवायच्या, आणि तिकडचं चक्र संपलं की पेटीत घालून सायकलवर नाहीतर लुनावर इकडे पळवायचं. त्या दिवशी पाऊस होता आणि पेटी आलीच नाही. लोकांनी खुर्च्या आपटल्या, कोणी मॅनेजरच्या खोलीवर गेलं. अण्णा मात्र बाहेर दारात जाऊन उभे राहिले, त्या सायकलवाल्याची वाट बघत, आणि तो आला तेव्हा चिंब भिजलेला, पेटीवर प्लास्टिक आणि अंगावर काही नाही. अण्णांनी त्याला चहा पाजला. आम्ही आत परत येऊन बसलो तर तोपर्यंत गाणं सुरू झालेलं.

मे महिन्याच्या सुट्टीत मात्र नऊचा खेळ. तो खरा. बारा-सव्वाबाराला बाहेर पडायचं, लक्ष्मी रोड रिकामा, सगळी दुकानं बंद, आमच्या चपलांचा आवाज. आणि गुरुवार असल्यामुळे आम्हाला एक गोष्ट दिसायची जी रविवारी जाणाऱ्यांना कधी दिसली नसणार. पोस्टरवाले. गुरुवारी रात्री ते निघायचे, शिडी, खळीची बादली, मोठा कुंचा आणि सायकलच्या कॅरियरवर घड्या केलेली पोस्टरं. आम्ही आत्ताच जो पिक्चर बघून डोळे पुसत बाहेर आलो त्याच्याच तोंडावर तो माणूस कुंचा फिरवायचा, फराफर, आणि वरून उद्याचा पिक्चर. आधी एक पाय, मग कंबर, मग चेहरा, तुकड्यातुकड्याने जुळवत. दादा आणि मी पैज लावायचो कोण आहे म्हणून. अण्णा थांबायचे. कितीही उशीर झाला असला तरी पूर्ण चेहरा जुळेपर्यंत थांबायचे. आई म्हणायची अहो चला, सकाळी कंपनीची बस आहे. हो हो, एवढं डोकं लावू दे त्याला.

पिक्चर राहणार की जाणार हे कसं ठरतं तेही काकांकडूनच कळलं. थेटर म्हणजे आठवड्याच्या भाड्यावर, आणि प्रत्येक थेटराचा एक ठरलेला आकडा असायचा, होल्डओव्हर म्हणायचे, आठवड्याचा गल्ला त्याच्या खाली गेला की पिक्चर उतरवायचा. म्हणजे गुरुवारी येणारी माणसं थोडी असली तरी त्यांचा हिशोब व्हायचा. एकदा एक मराठी पिक्चर आकड्याच्या अगदी काठावर होता आणि काका जिन्यात अण्णांना म्हणाले की आज पन्नास-साठ तिकिटं गेली तर अजून एक आठवडा राहील. अण्णांनी वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांत जाऊन सांगितलं. अकरा माणसं गेलो आम्ही, रांगेत, मोलकरणीसकट. राहिला की पिक्चर. माझ्या अकरा वर्षांच्या जिवाला वाटलं तो आम्हीच ठेवला.

मराठी पिक्चर म्हणजे आमच्यासाठी प्रभात. १९३४ सालचं थेटर, इंदूरच्या सरदार किब्यांच्या मालकीचं, प्रभात फिल्म कंपनीने चालवायला घेतलेलं, पुढे कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या दामल्यांच्या घराण्याने सांभाळलं. कंपनी मूळची कोल्हापूरची, १९२९ ची, १९३३ ला पुण्यात आली. त्यांचा स्टुडिओ लॉ कॉलेज रोडला, जिथे १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. कंपनी संपली, स्टुडिओ सरकारकडे गेला, पण अप्पा बळवंत चौकापाशी थेटरावर ते नाव चालूच राहिलं. माझ्यासाठी प्रभात म्हणजे जूनमधला गुरुवार, चौकातून पाठ्यपुस्तकं आणि कव्हराचा खाकी कागद घ्यायचा, ते गठ्ठे मांडीवर घेऊन पिक्चर बघायचा, आणि अंधारात नव्या पुस्तकांचा वास. मराठी पिक्चरला तिथे बायका घरच्यासारख्या यायच्या, दुपारी तीनच्या खेळाला तर बहुतेक बायकाच, स्वेटर विणत विणत बघणाऱ्या सुद्धा.

२०१४ च्या डिसेंबरात करार संपला आणि थेटर किब्यांकडे परत गेलं, नाव उतरलं. शेवटच्या दिवसांत मी अण्णांना घेऊन गेले होते. पिक्चर कुठला होता ते खरंच महत्त्वाचं नव्हतं, आमच्यासारखी बरीच माणसं आलेली, पिक्चर संपल्यावर कोणी पटकन उठेना. अण्णा बाहेर आले, वळून वर नावाकडे बघितलं, आणि म्हणाले अक्षरं चांगली आहेत. एवढंच. आता तिथे किबे लक्ष्मी थिएटर आहे, आतून नवं केलंय, पिक्चर लागतात. तिथे सिनेमाच राहिला, पार्किंग नाही झालं, याचा मला मनापासून आनंद आहे.

काकांचं काय झालं, तर २००५ नंतर हळूहळू सगळीकडे डिजिटल आलं. उपग्रहावरून पिक्चर थेट थेटरातल्या सर्व्हरवर, पेट्या नाहीत, सायकल नाही, ठिपका नाही. छोट्या गावांचं यात भलंच झालं, पूर्वी प्रिंट फिरत फिरत पोचायला महिने लागायचे आणि पोचेपर्यंत ती ओरखडे पडून पाऊस पडल्यासारखी दिसायची, आता पुण्यात आणि एखाद्या तालुक्याच्या गावात पिक्चर एकाच शुक्रवारी लागतो. हे चांगलंच झालं, मी त्याच्याविरुद्ध काही बोलणार नाही. काका रिटायर होण्याआधी वर्षभर त्या सर्व्हरशेजारी बसायचे. अण्णांना म्हणाले होते, हातांना काही कामच नाही रे.

मल्टिप्लेक्सला मी जाते. पडदा छान, आवाज छान, खुर्ची छान, खोटं कशाला बोलू. पण दोन वर्षांपूर्वी आईला घेऊन एका ठिकाणी गेले, तिला शुगर आहे, तिच्या पर्समध्ये राजगिऱ्याचे दोन लाडू आणि डबीत खारे दाणे, ते दारातच काढून ठेवायला लावले. मी सांगितलं, भांडले, औषधाची चिठ्ठी दाखवली, शेवटी एक लाडू सोडला. आई मला म्हणत राहिली जाऊ दे गं, जाऊ दे. पण सगळा पिक्चरभर ती पर्स मांडीवर धरून अशी बसली होती की जणू काही चुकून आत आलीये. त्याचा राग माझा अजून गेलेला नाही. ज्या बाईने चाळीस वर्षं रुमालात तिकिटं बांधून पिक्चर बघितले तिला थेटरात परकं वाटावं?

आणि मराठी पिक्चरच्या वेळा. २०१५ ला सरकारने ठरवलं होतं की मल्टिप्लेक्सनी मराठीला दुपारी १२ ते रात्री ९ या वेळात खेळ द्यायचे, आणि तरी मला बघायचा होता तो पिक्चर गेल्या वर्षी जवळपास सकाळी पावणेदहाला होता, तोही मंगळवारी. नोकरी करणाऱ्या माणसाने कसा बघायचा? मग पिक्चर चालत नाही म्हणून उतरवतात. आमच्या वाड्यातली अकरा माणसं आता कुठून आणणार?

म्हणून मला वाटतं की चालत जाता येईल असं एक तरी थेटर प्रत्येक वस्तीत पाहिजे. शंभरच्या आत तिकीट असणारं. परवाच्या सप्टेंबरपासून, म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून, शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के झालाय, वरच्या तिकिटांवर १८ आहे, म्हणजे स्वस्त तिकीट ठेवणाऱ्याला थोडा तरी हात दिलाय. पण नुसत्या करावर थेटर चालत नाही, माणसं जायला पाहिजेत. मी आता वारज्याला राहते, इथून चालत जाण्यासारखं काही नाही. म्हणून ठरवलंय की महिन्यातून दोनदा पेठेत आई-अण्णांकडे जायचं आणि तिथून चालत जे जवळ असेल तिथे जायचं. चार महिने झाले, मोडलेलं नाही.

मागच्या वेळी लेकही आली. अण्णा आता एकोणऐंशी, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, काठी लागते, दहा मिनिटांच्या रस्त्याला पंचवीस मिनिटं लागली. वाटेत ते तिला सांगत होते, नव्वद फूट, सत्तावीस मीटर, तू आकडा टिपायचास आणि भागायचंस. ती तयार होऊन बसली, मोबाईलमधला कॅल्क्युलेटर सुद्धा बंद ठेवला. सर्टिफिकेट आलं. तिने टिपला, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, आई, यात मीटर नाहीच आहेत, मिनिटंच लिहिलीयेत, एकशे बेचाळीस.

मला कळेना अण्णांना कसं सांगायचं. तिने सांगितलं. त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, आजोबा, एकशे बेचाळीस मिनिटं, आता तुम्ही सांगा किती मीटर. अण्णांनी अंधारात बोटं धरली. आम्ही दोघी पिक्चर सोडून त्यांच्याकडे बघत होतो. बराच वेळ गेला, पडद्यावर नावं संपून एक गाडी घाटातून यायला लागली, आणि मग ते म्हणाले, तीन हजार आठशे चौतीस. तेरा रिळं तरी होतील.

तिने मध्यंतरात कॅल्क्युलेटर उघडून बघितलं. बरोबर होतं.

या गुरुवारी परत चाललोय, सहाचा. दादा पण येतोय मुंबईहून. खालच्याच चार घेतल्यात आणि एक जास्तीची, मागून तिसरी रांग, कडेची अण्णांना.